काटा काढायचा नाही

कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण ज्याने काढली त्याने कोळसा कधी उगाळला नसावा. उगाळून पाहिलेली एक बाई आहे. ती म्हणते, "साफ खोटं. उगाळला तरच कळतं, आत काय काय दडलंय ते. शिसं असतं, जस्त असतं, तांबं असतं. कधी सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विषही असतं. काळा तो नुसता लांबून दिसतो." हे ती अशा ठसक्यात सांगते, की समोरचा माणूस म्हण मागे घेतो आणि वर माफीही मागतो.

प्रयोगशाळेत तिला काटेबाई म्हणतात. आडनाव काटे नाही. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलंय. काही जण म्हणतात, जिभेला काटे आहेत म्हणून हे नाव पडलं. भाजीवाला म्हणतो, ती काट्याकडे डोळे वटारून बघते म्हणून. ती येताना दिसली की तो तराजूचं पारडं आधी पुसून ठेवतो. खरं कारण वेगळं आहे, आणि त्या कारणापायी ती सख्ख्या भावाशी आणि साहेबांशी एकाच वेळी भांडली. एका आघाडीवर लढायचं तिच्या स्वभावातच नाही.

तिचा जन्म कोळशाच्या वखारीतला. घर पुढे, वखार मागे, मधे एक दार, आणि ते दार कधी बंद व्हायचं नाही. बाबांच्या हाताच्या रेषा काळ्या शाईने काढल्यासारख्या दिसायच्या. शाळेत पोरी तिला कोळशीण म्हणायच्या. घरी येऊन रडणाऱ्यांतली ती नव्हती. तिने एकदा दप्तरात कोळशाचा खडा नेला आणि चिडवणारीच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीमागून भलंमोठं फूल काढलं. मार खाल्ला, पण फूल सुरेख आलं होतं, असं ती अजूनही सांगते.

बाबा गेले तेव्हा दोघंही शिकत होती. दादा थोरला. त्याने एक दिवस पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि वखारीत जाऊन बसला. तिची शाळा सुटली नाही ती त्यामुळे. दादाने हे कधी बोलून दाखवलं नाही. न बोललेले उपकार जास्त जड होतात, हे तिला पुढे कळायचं होतं.

शिकून ती परत कोळशापाशीच आली. फक्त आता तो पोत्याने नाही, चिमटीने हाताळायचा. तिची खोली प्रयोगशाळेच्या टोकाला. खिडकीला जाड पडदे, कारण यंत्राला ऊन सोसत नाही. खोली सदा गार, कारण यंत्राला उकाडाही सोसत नाही. "माहेरवाशिणीचे झाले नसतील इतके लाड आहेत याचे," असं ती म्हणते, आणि ते लाड दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

काम असं. कोळसा पिठासारखा दळायचा, दाबून त्याची औषधाच्या गोळीसारखी चपटी टिकली करायची. ती छोट्या बंद पेटीत ठेवली की वरून लेसरचा किरण टिकलीवर पडतो. केसाएवढा खड्डा होतो आणि तिथला कोळसा उडून अतिसूक्ष्म धूळ बनते. हेलियम वायूची झुळूक ती धूळ उचलते आणि पलीकडच्या पेटत्या झोतात नेऊन टाकते. तिथे धुळीचा कण न् कण फुटतो, त्यातले अणू सुटे होतात आणि यंत्र त्यांना वजनावरून ओळखतं: हे लोखंड, हे शिसं, हा सोमल. पडद्यावर प्रत्येकाची एकेक रेघ डावीकडून उजवीकडे धावत जाते. जितकी उंच रेघ, तितका तो ऐवज जास्त. आणि मधेच एखादी रेघ टोकदार होऊन वर उसळते. त्याला म्हणतात काटा.

या काट्यांबद्दल साहेबांचा एक नियम होता. तो छापून, वर प्लास्टिक चढवून भिंतीवर लावला होता: काटे छाटूनच सरासरी काढावी. पडद्यावर तशी एक चौकटही होती. तिच्यात खूण केली की यंत्र काटे आपोआप कापून टाकायचं आणि रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट व्हायची.

साहेब काही लबाड नव्हते, हे इथेच सांगितलेलं बरं. सरळ माणूस. भिंतही सरळच असते, पण पलीकडे जायचं तर तिला दार पाडावं लागतं. त्यांचं सगळं आयुष्य धातू तपासण्यात गेलं होतं. धातू वितळवून ओततात. जे असेल ते सगळीकडे सारखं मिसळतं. तिथे काटा दिसला तर तो कचरा, नाहीतर विजेचा झटका. "काटा म्हणजे यंत्राची शिंक," असं ते म्हणायचे. यंत्र ठीक चाललंय का हे बघायला रोज सकाळी एका ठरावीक काचेच्या तुकड्यावर लेसर मारायचा. त्या काचेत काय किती आहे हे आधीच ठाऊक. काचही वितळवून केलेली, म्हणून तिला काटे नाहीत. त्या परीक्षेत यंत्र रोज पहिल्या वर्गात पास व्हायचं.

वर्षानुवर्षं खाणीच्या वरच्या थराचा कोळसा येत होता. त्याला काटे थोडे आणि बुटके. छाटले काय, ठेवले काय, आकडा तोच. काटेबाईसुद्धा निमूटपणे चौकटीत खूण करत होती. मग खाणवाल्यांनी खालचा थर खोदला.

खालच्या थराचा कोळसा घरगुती शेगड्यांसाठी विकायचा होता. तपासणीचा अहवाल चांगला आला, की विक्रीचा सगळा माल एका वखारीला मिळणार होता. ती वखार कुणाची, हे सांगायला नकोच. दादाने मागे नवी शेड बांधली होती. पत्रेसुद्धा चढले होते.

पहिल्याच टिकलीवर लेसर पडला आणि सोमलाची रेघ काटेरी कुंपणासारखी झाली. काटा, काटा, पुन्हा काटा. काटेबाईने पेटी साफ केली, नळ्या बदलल्या, दुसरी टिकली लावली. पुन्हा कुंपण. चौकटीत खूण केली: रेघ सपाट, सोमल मर्यादेच्या आत. खूण काढली: सोमल मर्यादेच्या कितीतरी बाहेर. एकाच टिकलीचे दोन आकडे, आणि दोघांच्या मधे फरक एवढाच, चौकटीतली ती बारकीशी खूण.

ती चिडली की हळू बोलायला लागते. त्या दिवशी ती यंत्राशी अगदी कुजबुजत होती. तिने एक न दळलेला खडा घेतला, त्याची एक बाजू आरशासारखी घासली आणि भिंगाखाली धरली. काळ्या अंगावर सोनेरी ठिपके विखुरलेले होते. हे फसवं सोनं; लोखंड आणि गंधकाचे कण. लेसर तिने त्या खड्यावरून सरळ रेषेत चालवला. काळ्या जागी रेघ शांत. ठिपका आला की लोखंड उसळायचं आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून सोमल उसळायचा. ठिपका संपला की दोघंही खाली. सोमल कोळशाभर पसरलेला नव्हताच. तो त्या सोनेरी कणांत बिऱ्हाड करून राहिला होता, आणि नियम नेमकं तेच बिऱ्हाड उचलून बाहेर फेकत होता.

साहेबांपुढे तिने दोन्ही आलेख ठेवले.

"शिंक आहे ही," साहेब म्हणाले.

"शिंक आली तर सगळ्यांनाच यायला हवी ना साहेब? इथे फक्त लोखंड आणि सोमल शिंकतायत. कार्बन ढिम्म बसलाय."

"बाई, सरासरीला काही शिस्त असते. एका काट्याने सगळा आकडा बिघडतो."

"ताटातला भात सरासरीने मऊच असतो, साहेब. दात पडतो तो एका खड्याने."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. उत्तर नसलं की ते चष्मा पुसत. "नियमाप्रमाणे छाटा आणि सही करा. या यंत्रावर तुमचीच सही चालते."

"म्हणूनच करत नाही," ती म्हणाली, आणि आलेख घेऊन बाहेर पडली.

संध्याकाळी ती वखारीत गेली. दादाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं, असं तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं असतं. हिच्या मनात चोरी नव्हती, तरी तिने लांबची वाट धरली. दादा नव्या शेडमधे जमीन चोपत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"साहेब काय म्हणतात?"

"छाट म्हणतात."

"मग छाट की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बाप एकच होता आपला," ती म्हणाली. "दादा, हा कोळसा वीजघराला दे म्हणावं. तिथे धुराड्याला गाळण्या असतात. घरातल्या शेगडीला काय असतं? धूर भिंतीला लागतो, भांड्यांत बसतो, माणसाच्या पोटात जातो. सोमल काही एका दिवसात मारत नाही. वर्षानुवर्षं कातडी पोखरतो, मग आतडी."

"जग जाळतंय कोळसा, चिमे. सगळे मेले का?" लहानपणीचं नाव त्याने घेतलं, पण आवाज लहानपणीचा नव्हता. "मी पुस्तकं माळ्यावर टाकली ती कशासाठी? तू शिकून माझ्याच मुळावर यावंस म्हणून?"

आयुष्यभर न बोललेलं वाक्य अखेर बोललं गेलं. काटेबाईला ते लागलं. खोटं कशाला सांगा, डोळ्यांत पाणी आलं. पण ती रडताना वाद सोडते, असा कुणाचा समज असेल तर त्याने तिला रडताना पाहिलेलं नाही.

"त्यासाठीच शिकवलंस," ती डोळे पुसत म्हणाली. "न वाचता सही करायला शाळा लागत नाही."

दादाने चोपणं खाली टाकलं. "ठीक आहे. खाणवाल्यांनी नमुन्याला दिलेलं एक पोतं आजच आईकडे टाकतो. आई माझी आहे तशी तुझीही आहे. तिच्या शेगडीत हा कोळसा पेटेल, तेव्हा बघू तुझा सोमल काय करतो."

आणि त्याने खरंच पोतं टाकलं. आई दोघांचं ऐकून घेते आणि शेवटी स्वतःच्या मनाचंच करते. काटेबाईने बजावल्यावर ती म्हणाली, "अगं, अजून जुना कोळसा आहे डब्यात. तो संपेपर्यंत तुमचं काय ते ठरवा. त्यानंतर मी थंडीत कुडकुडणार नाही, सांगून ठेवते."

म्हणजे डब्यातला जुना कोळसा संपायच्या आत निकाल लागायला हवा होता. काटेबाई रोज कामावर जाताना आईकडे थांबून डब्याचं झाकण उघडून बघायची. कोळसा रोज खाली जायचा.

साहेबांच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. त्यात ढाली होत्या, प्रशस्तिपत्रं होती, आणि मधोमध एक लाखबंद बाटली. बाटलीत प्रमाण कोळसा. पिठासारखा दळलेला, जाणकारांनी नाना रीतींनी तपासलेला. त्यात सोमल नेमका किती हे सोबतच्या प्रमाणपत्रावर छापलेलं. खरं तर काचेऐवजी रोज हाच कोळसा लेसरखाली धरायला हवा होता. पण तो मिळायला दुर्मीळ, म्हणून साहेबांनी तो तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी राखला होता. पाहुणे यायचे, बाटली बघून माना डोलवायचे, चहा पिऊन जायचे.

काटेबाई साहेबांसमोर उभी राहिली. "ती बाटली द्या."

"ती दाखवायची आहे."

"कोळसा दाखवायला लागत नाही साहेब. तो वखारीत फुकट दिसतो."

"बाई, सील आहे त्याला."

"दिसतंय."

तिने कपाट उघडलं, बाटली काढली आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत अंगठ्याने लाख फोडली. कट् असा आवाज झाला. साहेब अर्धे उठले ते तसेच राहिले, ना उभे ना बसलेले. काटेबाई बाटली घेऊन चालू लागली, आणि साहेब तिच्या मागून. रागवायला की बाटली सांडू नये म्हणून सांभाळायला, हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं.

तिने टिकली दाबली, पेटीत ठेवली, लेसर सुरू केला. रेघा धावल्या. काटे आले, बारीक दळल्यामुळे लहान, पण आले. चौकट रिकामी ठेवून तिने सरासरी काढली. आकडा प्रमाणपत्रावरच्या आकड्याशी जुळला. मग ती खुर्चीवरून उठली.

"आता तुमच्या नियमाने काढा साहेब. खूण तुम्हीच करा."

साहेबांनी खूण केली. रेघ सपाट झाली आणि आकडा धपकन खाली आला. त्यांनी खूण काढली, पुन्हा केली. दुसरी टिकली लावायला सांगितली. तिसरी त्यांनी स्वतः दाबली. प्रत्येक वेळी तेच. जगाने मान्य केलेला कोळसा त्यांच्या भिंतीवरच्या नियमात नापास होत होता. खोलीत पंप घरघरत होता. चष्मा पुसून पुसून काच झिजायची वेळ आली.

"सील कुणाला विचारून तोडलंत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

त्या दुपारी दोन कागद निघाले. एक अहवाल, काट्यांसकट: खालच्या थराचा कोळसा घरगुती वापरास अयोग्य. खाली तिची सही आणि तिच्या खाली साहेबांची, नेहमीपेक्षा ठळक. दुसरा कागद काटेबाईला मेमो: शिस्तभंगाबद्दल लेखी माफी द्यावी, पुढील आदेशापर्यंत दळणाच्या खोलीत काम करावं. साहेबांनी दोन्ही कागद एकाच पेनाने लिहिले. भिंतीवरचा नियमही त्यांनी स्वतःच्याच हाताने खरवडून काढला. तो गोंद काढताना नख दुखावलं, आणि त्याचाही राग मेमोतल्या भाषेत उतरला असावा.

काटेबाईने माफीच्या जागी लिहिलं: सील तोडलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन. आणि दळणाच्या खोलीचा ॲप्रन घालून चालती झाली. "बसवा दळायला," ती जाता जाता म्हणाली. "उगाळणं माझ्या घराण्यातच आहे."

संध्याकाळी ती आईकडे पोचली तेव्हा दारात दादाची गाडी उभी होती. बातमी तिच्याआधी पोचली होती. स्वयंपाकघरात दादा उकिडवा बसून शेगडी रचत होता: खाली कागद, त्यावर ढलप्या, वर त्या पोत्यातला कोळसा. जुन्या कोळशाच्या डब्यात तळाशी ओंजळभर उरला होता. आई चहाचं आधण घेऊन उभी होती.

"आलीस?" दादा वर न बघता म्हणाला. "काढलास ना माझा काटा? सख्ख्या भावाचा?"

"काटा काढायचा नाही म्हणूनच तर एवढी भांडले, दादा. काढला असता तर आज तुझी शेड भरली असती, आणि माझ्या सहीने सोमल घरोघरी गेला असता. पहिला या घरात."

"कागदावरच्या रेघा नको सांगूस. मी आत्ता पेटवतो हा कोळसा आणि इथेच बसतो. काय होतंय ते बघू."

"पेटव," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "मीही बसते. खिडकी लावून घे. रोजच्या घरात थंडीत लावतातच. आईला पाट दे, तीही बसेल. तिचंच घर आहे."

आईने पाट ओढला. "बसते की. मला तेवढीच ऊब."

दादाने खिडकी लावली, काडी ओढली. ज्योत धरली. कागदाचं टोक ज्योतीपासून बोटभर दूर होतं. त्याने समोर बहिणीकडे पाहिलं. ती डोळे न हलवता त्याच्याकडेच बघत होती. मग त्याने बाजूला बसलेल्या आईकडे पाहिलं. आई शेगडीवर दोन्ही तळवे धरून बसली होती, विस्तव पेटायच्या आधीच.

"आई," तो म्हणाला, "तू जरा बाहेर बस."

"का रे?" काटेबाईने विचारलं. "आईने बाहेर का बसायचं?"

काडी दादाच्या बोटापर्यंत जळत आली, चटका बसला तेव्हा त्याने ती टाकली. दुसरी ओढली नाही. मग त्याने शेगडीतला एकेक खडा उचलून परत पोत्यात टाकला आणि पोत्याचं तोंड आवळून बांधलं. एक टोक त्याने धरलं, दुसरं काटेबाईने, आणि दोघांनी ते गाडीत नेऊन ठेवलं. आत आईने डब्यातला शेवटचा ओंजळभर कोळसा शेगडीत ओतला आणि खिडकी उघडली.